शिपायाचा झगा आणि गळ्यातील पदक

मननासाठी शास्त्रभाग : मत्तय २५:३१-४०; प्रेषितांची कृत्ये १९:११-२०



नोव्हेंबर महिन्याची ११ वी तारीख पश्चिमेकडील अनेक मंडळ्यांत मार्टिन नावाच्या एका ख्रिस्ती शिपायाची आठवण म्हणून पाळली जाते. आपल्या मंडळ्यांत संतांचे सण पाळण्याची चाल बहुधा नाही. तरी या दिवसाशी आपलाही थोडा संबंध आहे. १४८३ साली नोव्हेंबरच्या १० तारखेस जर्मनीत एक बालक जन्मले. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला व त्या दिवसाच्या संतावरून त्याचे नाव मार्टिन ठेवण्यात आले. तोच पुढे मार्टिन लूथर या नावाने जगास ठाऊक झाला. ज्या शिपायाचे नाव आपल्या सुधारणेच्या पुढाऱ्यास मिळाले, त्याचा वृत्तांत आपणही जाणावा हे योग्य आहे. परंतु तो आज सांगण्यास आम्हांस याहून निकडीचे एक कारण आहे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील आपले पुष्कळ लोक लोकलगाडीने मुंबईकडे कामास जातात. तेथे शेजारी, सोबती यांच्याबरोबर कोणी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेस जातो, कोणी बुधवारी माहीमच्या देवळात जातो, आणि परतताना बाहेरच्या दुकानांतून धातूचे एक लहानसे पदक विकत घेतो. त्यावर घोड्यावर बसून भाल्याने अक्राळविक्राळ सर्पास मारणारा जॉर्ज असतो, किंवा खांबास बांधलेला व बाणांनी विंधलेला सेबास्टियन असतो, किंवा आपला झगा कापून देणारा मार्टिन असतो. हे तिघेही शिपाई होते असे सांगतात. घरी मूल तापाने फणफणलेले असते. आजी म्हणते, बांधा ते त्याच्या गळ्यात. मग आई पाळकास विचारते, "पाळकसाहेब, हे बांधले तर पाप होईल का? हा काही भगताचा गंडा नव्हे. हा तर ख्रिस्ती संत आहे."

बंधूंनो, या प्रश्नास हसू नका. ज्या घरात पिढ्यानपिढ्या मुलाच्या कमरेस करगोटा, दंडास ताईत व दारास लिंबूमिरची बांधत आले, त्या घरातील आईने प्रभूसाठी ते सर्व सोडून दिले आहे. तिचा गळा मोकळा झाला, पण तिचे भय गेले नाही. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत साप आहे, ओढ्यास लोंढा आहे, डोंगराची दरड आहे. आणि दवाखाना दूर आहे. अशा वेळी हातास काहीतरी धरावयास हवे असे तिला वाटते. तिला उत्तर देण्यापूर्वी या शिपायाचा वृत्तांत ऐका.

मार्टिनाचा जन्म इसवी सन ३१६ च्या सुमारास, आज ज्यास हंगेरी म्हणतात त्या देशात झाला. त्याचा बाप रोमी सैन्यात अधिकारी होता. त्याने मुलाचे नावही युद्धदेव मार्स याच्या नावावरून ठेविले. परंतु मुलाचे मन ख्रिस्ताकडे ओढले व तो बाप्तिस्म्याच्या उमेदवारांत दाखल झाला. तितक्यात कायद्याप्रमाणे त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. गॉल देशातील आम्यां नावाच्या शहराच्या वेशीपाशी, कडाक्याच्या हिवाळ्यात, त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्या वर्षी थंडीने माणसे मरत होती. येणारे-जाणारे त्याच्याकडे न पाहता जात होते. मार्टिनाने आपले इतर कपडे पूर्वीच देऊन टाकिले होते. त्याच्यापाशी अंगावरचा झगा व कमरेची तरवार एवढेच उरले होते. त्याने तरवार उपसली, झग्याचे दोन भाग केले, एक भिकाऱ्यास दिला व उरलेला आपण पांघरला. त्याचा तो अर्धवट वेष पाहून काही लोक हसले. ज्यांस लाज वाटली त्यांच्यापाशी मात्र देण्यासारखे अधिक असून त्यांनी दिले नव्हते.

त्याच रात्री त्याने स्वप्नात ख्रिस्तास पाहिले, आणि ख्रिस्ताच्या अंगावर तोच अर्धा झगा होता, असे त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेवेरस लिहितो. प्रभू देवदूतांस सांगत होता की मार्टिनाने, ज्याचा अजून बाप्तिस्माही झाला नाही त्याने, मला हे वस्त्र घातले. हे ऐकताच आपल्याला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय आठवतो. मार्टिन पुढे बाप्तिस्मा घेऊन सैन्यातून मोकळा झाला, नंतर तूर शहराचा बिशप झाला, व ३९७ साली मरण पावला.

उपदेशक बंधूंनो, एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. ज्या कृत्यासाठी सोळाशे वर्षे त्याची आठवण होते, ते त्याने बिशप असताना केले नाही, बाप्तिस्मा झाल्यावरही केले नाही; उमेदवार असताना केले. तुमच्या वर्गात बसणारा, दहा आज्ञाही अजून नीट न म्हणता येणारा ठाकूर किंवा कातकरी तरुण प्रभूस वस्त्र घालू शकतो. त्यास कमी लेखू नका.

आता त्या उरलेल्या अर्ध्या झग्याचे काय झाले ते ऐका, कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. मार्टिनाच्या मरणानंतर काही शतकांनी फ्रँक लोकांच्या राजांपाशी त्याचा झगा म्हणून एक वस्त्र जपून ठेविलेले होते. राजे ते लढाईत बरोबर नेत, म्हणजे जय मिळेल. त्याच्यावर हात ठेवून शपथा घेववीत. लॅटिन भाषेत अशा झग्यास काप्पा म्हणत. तो जेथे ठेवीत त्या जागेस काप्पेल्ला हे नाव पडले. त्यावरूनच आपण लहान प्रार्थनामंदिरास चॅपेल म्हणतो. त्याची राखण करणाऱ्या पाद्र्यांच्या नावावरून पलटणीतील पाद्र्यास चॅपलेन हे नाव मिळाले.

हा फेर किती मोठा झाला ते पाहा. मार्टिनाने झगा फाडला तो दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. राजांनी तो झगा उचलला तो आपला जीव वाचावा म्हणून, आणि शत्रूचा जीव जावा म्हणून. तोच झगा, तेच कापड. परंतु त्याचे तोंड उलट दिशेस फिरले. तो शेजाऱ्याकडे जात होता तोवर त्यात ख्रिस्त होता. आपल्याभोवती गुंडाळला तेव्हा कापड तेवढे उरले.

इस्राएलाच्या इतिहासात हेच घडले होते. पलिष्ट्यांपुढे हार होताच वडिलांनी कराराचा कोश छावणीत आणविला. कोश आला की जय आलाच असे त्यांस वाटले. पुढे काय झाले ते १ शमुवेलाच्या ४ थ्या अध्यायात वाचा : लोक पडले आणि कोशही गेला. रानात मोशेने केलेला पितळेचा साप तर खुद्द देवाच्या आज्ञेने केला होता. तरी लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला व त्यास नहुश्तान, म्हणजे पितळेचा तुकडा, म्हटले (२ राजे १८:४). जे देवाने दिले तेही, देवास सोडून धरिले असता, पितळच होते.

कोणी म्हणेल, "पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोग्यांवर घातले व ते बरे झाले, असे शास्त्रातच आहे ना?" होय, आहे. परंतु तो अध्याय तेथेच मिटू नका; पुढे वाचा. त्याच एफिस शहरात स्किवाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरून पाहिले, आणि घायाळ व उघडे होऊन घरातून पळाले. ज्यांस येशूची ओळख नाही त्यांच्या तोंडी येशूचे नावदेखील चालले नाही. मग संताच्या नावाचे पदक काय चालेल? आणि अध्यायाच्या शेवटी एफिसच्या लोकांनी रुमालांचे ढीग केले नाहीत. त्यांनी आपल्या जादूच्या पुस्तकांची होळी केली. देवाने रुमालाने बरे केले, पण लोकांस रुमालाकडे नेले नाही.

आता ज्या शिपाई संतांची चित्रे त्या पदकांवर असतात त्यांच्याकडेच पाहा. सेबास्टियन हा रोमी बादशाहा डायोक्लीशन याच्या पहाऱ्यातील शिपाई असून ख्रिस्तासाठी त्यास बाणांनी विंधले असे सांगतात. त्यातून तो वाचला, आणि पुढे बादशाहासमोर उभा राहून बोलला म्हणून त्यास काठ्यांनी ठार मारिले. मरीस बाणांची उपमा देत, म्हणून युरोपात मरीच्या वेळी लोक सेबास्टियनाचा धावा करू लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा तेथील कॅथलिक वस्त्यांतून क्रूस उभारले गेले, त्यांपैकी काही आजही रस्त्याच्या कडेस उभे आहेत. जॉर्जाचीही साक्ष त्याच छळाच्या काळातली. त्याचेही शीर उतरविले असे परंपरा सांगते. तर मग विचार करा. बाण लागू नये म्हणून आपण ज्याचे चित्र बांधतो, त्यास स्वतःस बाण लागले. शस्त्र चालू नये म्हणून ज्याचे पदक घालतो, त्याच्यावर शस्त्र चालले. त्यांचा विश्वास हा त्यांस जखमेपासून दूर ठेवणारा ताईत नव्हता. जखमेतही त्यांस प्रभूपाशी ठेवणारे बळ होते. दानीएलाच्या तीन मित्रांनी राजास हेच सांगितले होते : आमचा देव आम्हांस सोडवील, आणि न सोडविले तरी आम्ही तुझ्या मूर्तीस नमणार नाही. "न सोडविले तरी" हा शब्द कोणत्याही ताइतास बोलता येत नाही. तो विश्वासालाच बोलता येतो.

येथे रोमन कॅथलिक बंधूंविषयी न्यायाने बोलले पाहिजे. ट्रेंट येथील त्यांच्या धर्मसभेने १५६३ सालीच ठरविले की प्रतिमांत काही दैवी शक्ती आहे असे मानून त्यांच्यापाशी काही मागू नये. पदकात स्वतःचे काही सामर्थ्य नाही, ते प्रार्थनेची आठवण आहे, असे त्यांचे शिक्षकही शिकवितात. संतांस विनंती करण्याविषयी त्यांचा व आपला मतभेद आहे व तो लहान नाही. तरी जो मनुष्य पदकास ताईत करितो तो त्यांच्याही शिकवणीबाहेर जातो, हे आपण जाणावे. आणि खुद्द मार्टिनाविषयी त्याचा चरित्रकार लिहितो की, एके ठिकाणी लोक एका कबरीस हुतात्म्याची कबर म्हणून मान देत होते. मार्टिनाने वडील पाद्र्यांस विचारिले की याचे नाव काय, हा कधी मेला? कोणी सांगू शकेना. शेवटी तो मनुष्य अपराधासाठी मारलेला लुटारू होता असे त्यास कळून आले, आणि त्याने ती वेदी तेथून काढविली. ज्याच्या पदकावर आपण प्रश्न न करिता भरवसा ठेवितो, तो स्वतः प्रश्न केल्यावाचून कशावरही भरवसा ठेवीत नसे.

परंतु आपले काय? पदक गळ्यात नाही म्हणून आपण निर्दोष ठरलो असे समजू नका. लहानसा नवा करार छातीच्या खिशात असला म्हणजे गोळी लागत नाही, असा समज मागील दोन्ही महायुद्धांत पुष्कळ प्रॉटेस्टंट शिपायांतही होता. वाईट स्वप्ने पडू नयेत म्हणून उशाखाली बायबल ठेविणारे आहेत. ते उघडून वाचीत मात्र नाहीत. नवीन घरास दृष्ट लागू नये म्हणून चौकटीवर क्रूस ठोकणारे आहेत. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली अंगाऱ्याच्या पुडीसारखी जपणारे आहेत. बायबल हे शास्त्र आहे, पण उशाखाली न उघडता ठेविलेले बायबल हा कागदाचा ताईत आहे. वस्तू बदलली, भय तेच राहिले, आणि भयाचा धनीही तोच.

पदक ही वस्तू मुळातच वाईट आहे काय? नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी जवळचे सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर चाल केली व तेथेच ते पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, परंतु तो छातीवर लावण्यास ते उरले नव्हते. पदकाचा खरा अर्थ हा आहे. पदक लढाईच्या मागून येते, पुढे चालत नाही. ते शिपायास वाचवीत नाही. त्याने दुसऱ्यांसाठी काय केले याची साक्ष देते. दुसऱ्याने मिळविलेले पदक बाजारात विकत घेऊन जो आपल्या छातीवर लावितो त्यास शिपाई कोण म्हणेल? मार्टिनाचे पदक मार्टिनाचे आहे. तुमच्यापाशी तुमचा झगा आहे. तो फाडला आहे काय, एवढेच प्रभू विचारील.

प्रियहो, हे बोलणे दूरच्या देशाचे वाटत असेल तर इर्शाळगडाकडे दृष्टी करा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांची प्रेते सापडली, ५७ जण सापडलेच नाहीत. निजलेल्या लेकरांवर डोंगर आला. त्यांच्या गळ्यात काय होते व काय नव्हते याचा हिशेब करणारा मनुष्य निर्दय होय. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभूने स्पष्ट सांगून ठेविले आहे (लूक १३:४). परंतु त्या रात्री आणखी काय घडले ते आठवा. वाडीस गाडीरस्ता नव्हता. माती उपसण्याची मोठी यंत्रे वर चढू शकेनात. तेव्हा पावसात, काळोखात, निसरड्या पायवाटेने माणसे चढून गेली, आणि कुदळफावड्यांनी व हातांनी माती काढू लागली. मदतीस निघालेला अग्निशामक दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच प्राणास मुकला. त्यांत कोणी कोणत्या धर्माचा होता हे कोणी विचारिले नाही. आम्यांच्या वेशीवर जो झगा फाटला, तो त्या रात्री इर्शाळगडाच्या वाटेवर पुन्हा फाटला. तो पाहून प्रभूने कोणास ओळखले असेल, हे मत्तयाच्या २५ व्या अध्यायात लिहिले आहे. ज्यांनी ते केले त्यांस तर ठाऊकही नव्हते.

तर मग त्या आईस आम्ही काय सांगावे?

प्रथम, तिच्या मुलाच्या गळ्यातले पदक आपल्या हाताने ओढून तोडू नका. एफिसच्या लोकांनी आपली पुस्तके आपण होऊन आणिली; पौलाने घरोघर जाऊन हिसकावली नाहीत. भय मनात ठेवून दोरा तोडला तर ती दुसरा दोरा शोधील, कदाचित तुमच्यापासून लपवून. भय गेले म्हणजे दोरा आपोआप सुटतो.

दुसरे, मूल तापले असेल तर प्रार्थना करा, आणि त्याच घटकेस त्यास दवाखान्यात न्या. आई एकटी असेल तर तिच्याबरोबर जा. साप किंवा विंचू डसला तर एक क्षणही दवडू नका. कोकणात विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे दगावत. आपल्याच जिल्ह्यात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून अभ्यास केला व प्राझोसिन नावाचे औषध लागू पडते असे दाखविले. तेव्हापासून असे मृत्यू फार कमी झाले. ही बुद्धीही देवाचेच दान आहे. गळ्यातील पदकाच्या भरवशावर जो दवाखान्याची वाट टाळतो, तो विश्वासात अधिक नाही. तो लेकराच्या जिवावर खेळतो.

तिसरे, आणि हे सर्वांत मोठे : मंडळीच त्या आईचा झगा व्हावी. ज्या घरी ताप आहे त्या घरी रात्री कोणी जाऊन बसतो काय? रिक्षाच्या भाड्यास पैसे नाहीत तेथे कोणी हात पुढे करितो काय? चिंतेत असलेल्या बाईस जर मंडळीत एकही खांदा सापडला नाही, तर तिने धातूच्या तुकड्यास धरिले यात अर्धा दोष आपला आहे. आपण तिला सांगतो की भिऊ नको, प्रभू तुजबरोबर आहे. प्रभू तिच्याबरोबर आहे हे तिला बहुधा आपल्या पावलांच्या आवाजानेच कळावयाचे असते.

चौथे, तिला इफिसकरांस पत्राचा ६ वा अध्याय वाचून दाखवा. तेथेही शिपायाचाच वेष आहे : सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल. यांतील एकही वस्तू बाजारात विकत मिळत नाही, आणि एकही गळ्यात लोंबत नाही. पौल ती अंगावर धारण करावयास सांगतो, म्हणजे रोज उठून नव्याने चढवावयास सांगतो.

मार्टिनाचा मान राखावयाचा असेल तर असा राखू या. या थंडीत, भाताची कापणी आटोपल्यावर, प्रत्येक मंडळीने आपल्या गावाच्या वेशीबाहेर पाहावे. विटांच्या भट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर जाणारी कातकरी कुटुंबे उघड्यावर निजतात. त्यांच्या लेकरांच्या अंगावर काय आहे ते पाहा, व आपल्या घरातील घोंगडीकडे पाहा. पूर्ण देणे झाले नाही तर अर्धी द्या. ख्रिस्त आजही उघडा आहे, व वेशीवरच आहे.

जो आमच्यासाठी उघडा होऊन क्रूसावर टांगला गेला, व ज्याच्या झग्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकिल्या, तोच आमचे आच्छादन आहे. तो आमच्या भयभीत आयांचे सांत्वन करो, आमच्या लेकरांस राखो, आणि आमच्या खांद्यांवरचे अर्धे काढून दुसऱ्यांस पांघरावयास आम्हांस मन देवो. आमेन.